ओटी भरून विकलेली गाडी

ज्या बाईने माझी ओटी भरली तिनेच मला फुटक्या संडासाची गाडी विकली, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

गाडी म्हणजे मोटरहोम. मिनीबसमध्ये दोन पलंग, छोटा ओटा आणि मागे संडास. आम्हाला हवा होता तो संडासच. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ह्यांना लघवी धरवत नाही. एकदा रेल्वेत संडासाचं दार आतून बंद होतं आणि माझा नवरा भरल्या डब्यात कपडे ओले करून उभा राहिला. त्यानंतर ह्यांनी प्रवासच सोडला. तिकडे मिरजेला माझी नणंद अंथरुणाला खिळलेली, आणि रोज फोनवर विचारायची, "कधी येतोस रे?" हे म्हणायचे, "येतोच, ताई."

जे. पी. नगरमधल्या एका जोडप्याची जाहिरात दिसली. मी फोनवर हिंदीत सुरुवात केली, पण पलीकडचे उच्चार ऐकून विचारलं, "मराठी का हो तुम्ही?" पुण्याचे निघाले. झालं, कानडी मुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून आम्ही तिथेच विरघळलो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या अण्णांना गाडी तपासायला न्यायचं ठरलं होतं. ह्यांनी त्यांना परस्पर कानडीत सांगून टाकलं, "बेडा अण्णा, नम्मवरे." नको, आपलीच माणसं आहेत. वर मला म्हणाले, "मराठी माणसाच्या दारात मेकॅनिक घेऊन जाणं बरं दिसतं का?" जन्मभर कारखान्यात दुसऱ्यांचं काम तपासलेला इंजिनिअर हा!

तिथे पोहे झाले, चहा झाला. त्या जोडप्यातली मुलगी सारखी काकू काकू करत होती. मी संडासाची कळ दाबली तर म्हणाली, "टाकीत आत्ता पाणी नाहीये, काकू. पण एकदम मस्त चालतो." बादलीभर पाणी मागावं असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात तिने मला बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस ओटीत घातला. आता ओटीत नारळ घेऊन कोण संडासात पाणी ओतून बघणार?

मिरजेला निघालो. तुमकूरच्या पुढे पेट्रोल पंपावर हे मागे जाऊन आले, अगदी खुशीत. तोच पंपावरचा माणूस ओरडायला लागला. गाडीखालून ओघळ वाहत होता आणि लोक बघत होते. संडासाखालच्या टाकीला वीतभर चीर, तिच्यावर चिकटपट्टी आणि वरून ताजा काळा रंग. हे मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी गाडी घराकडे वळवली.

अण्णांनी खाली शिरून पाहिलं. सांगाडाच गंजला होता, सगळं उपटून नवं करायला दोन महिने तरी लागणार होते. नणंदेकडे तेवढे दिवस आहेत का, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

ते जोडपं फोन उचलेना, म्हणून "पैसे परत घेऊनच येते" असं ह्यांना सांगून मी एकटीच रिक्षा करून गेले.

"गाडी परत घ्या," मी म्हटलं. "आम्हाला दुसरी शोधू दे."

"काका इंजिनिअर आहेत ना?" तो म्हणाला. "बघूनच घेतलीत की तुम्ही."

"काकांनी तुमचं मराठी बघितलं! चिरेवर पट्टी लावून वर रंग मारताना लाज नाही वाटली? त्या संडासाच्या भरवशावर म्हातारा माणूस बहिणीला भेटायला निघाला होता!"

"आम्ही तो कधी वापरलाच नाही, काकू," ती म्हणाली. "ढाब्यावर जायचो."

वापरलाच नाही, आणि म्हणे मस्त चालतो! तिला फाडून खावंसं वाटलं मला. तिचा नवरा म्हणाला, "सॉरी, आमचं पॅकिंग चाललंय."

मी उठले. सवयीने तिने कुंकवाचा करंडा पुढे केला. ओरडून माझा घसा बसला होता, आणि तरी माझं कपाळ आपोआप पुढे झालं. मेलं कपाळ!

घरी आले तर हे फाटकातच उभे, फोन कानाला. माझ्या कपाळावरचं ताजं कुंकू पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ताई, जमलं बघ," ते फोनमध्ये म्हणाले. "येतो."