कोणता झटका

दोन हजार चोवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. मे महिना, प्रताप नगरातलं आमचं घर, आणि घरात माझ्या बायकोच्या डोक्याला वीसेक तारा चिकटवलेल्या.

त्या कशाला, ते आधी सांगतो. वर्षभरापासून बायको मधूनच गुम व्हायची. घरात आम्ही तोच शब्द वापरायचो, गुम. कणीक मळता मळता हात थांबायचा, उजवी मूठ गच्च वळायची, डोळे एका जागी, हाक मारली तर ओ नाही. मिनिटभरानं भानावर यायची आणि मलाच विचारायची, "असे काहून पाहून राहिले?" पहिल्या डॉक्टरनं तिच्याकडे धड न पाहताच मनाचा आजार ठरवला आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी गुम होणं काही थांबलं नाही, तिचं बोलणं मात्र थांबलं. दिवसभर पलंगावर पडून. मी चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत गेलो तरी एक शब्द नाही. ज्या बाईनं जन्मभर माझ्या चपलांवरून घर डोक्यावर घेतलं, ती नुसती पाहायची. मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे.

दुसरा डॉक्टर मेंदूचा. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "हे मनाचं नसेलही. हा झटका असू शकतो. पण एकदा तरी मशीनमध्ये पकडला पाहिजे. पकडला तर औषध बदलतो. नाही पकडला तर मला आहे त्याच गोळ्या चालू ठेवाव्या लागतील." मशीन घरी लावायची, तीन दिवस. तेवढे दिवस जुन्या गोळ्या बंद. नंतर ती मशीन दुसऱ्या पेशंटकडे जाणार, मग आपला नंबर कधी, देव जाणे. निघताना त्यानं मला बजावलं, "कंपनीवाल्यांशी बोलताना गुमबिम म्हणू नका, त्यांना कळणार नाही. झटका म्हणा."

मी चौथी शिकलेला माणूस. शब्द नीट पाठ केला.

कंपनीचा माणूस सकाळी आला. पन्नाशीचा, घामाघूम. त्यानं तारा चिकटवल्या, वरून जाळीची टोपी घातली, तारांचा झुबका एका डबीत खोचला आणि डबी बायकोच्या कमरेला बांधली. डबीतून सगळं हवेतून टॅबवर जातं म्हणाला. टॅबवर रेघाच रेघा पळत होत्या आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका.

"ठिपका हिरवा त लाईन येऊन राहिली समजा," तो म्हणाला. "लाल झाला का लाईन तुटली. डबीत काही साठत नाही, काकाजी. टॅबवर उतरन तेवढंच खरं."

तो गेला आणि तासाभरात ठिपका लाल.

मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एक पोरगी बोलली, पुण्याकडची असावी.

"काका, टॅब कुठे ठेवलाय?"

"बाहेरच्या खोलीत. टेबलावर."

"आणि पेशंट?"

"आत, कूलरसमोर. मे महिना हाये बाई."

"मधली भिंत जाड आहे का?"

आता ऐका. मी राजमिस्त्री. ती भिंत मी बांधली. या भागातली कितीतरी घरं माझ्या हातची आहेत आणि एकालाही तडा नाही. मी तिला सांगितलं, माह्या भिंतीत खोट काढायचं काम नाही.

"भिंत मजबूत आहे म्हणूनच सिग्नल जात नाहीये, काका."

टॅब मी आतल्या खोलीत आणला. भिंतीचा दोष कबूल म्हणून नव्हे, फोन ठेवता यावा म्हणून.

ठिपका थोडा वेळ हिरवा, पुन्हा लाल. पुन्हा फोन. पोरगी म्हणाली, घरातलं वाय-फाय बंद करा. वाय-फाय पोराचं. तो वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो.

"बाबा, माही मीटिंग हाये."

"तुही माय बी हाये."

त्यानं वाय-फायचा डबा बंद केला आणि तोंड फुगवून वर गेला. ठिपका लालच. पुन्हा फोन. आता म्हणे शेजारच्यांचं असेल. संध्याकाळी मी शेजारी गेलो. तिथं चार जण टीव्हीपुढे मॅच पाहत बसलेले.

"काकाजी, लाईन तुमच्या घरी तुटते, मंग माह्या घरचं काहून बंद करू?"

"तुह्या घरचं माह्या बायकोच्या डोक्यात शिरून राहिलं म्हणून."

"मंग काकूले स्कोर विचारा ना. आमच्याइथं मॅच अटकून राहिली."

सगळे हसले. मी बाहेर आलो, त्याच्या मीटरपाशी गेलो आणि मेन स्विच खाली पाडला. घरभर अंधार, पंखे बंद, आतून बोंबाबोंब. माफी माझ्या पोरानं मागितली. मी नाही मागितली. पण खरं ते खरं, त्याचं सगळं घर बंद झालं तरी आमचा ठिपका लालच होता.

मी बायकोच्या पलंगाला खेटून खुर्ची टाकली. म्हटलं, आता हलायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसलो. ठिपका दोन घटका हिरवा की चार घटका लाल. पोरगी रोज नवं काही सांगायची, मिक्सर लावू नका, ओव्हन लावू नका. आमच्याकडे ओव्हन नाही म्हटलं तर म्हणे, "मग प्रश्नच नाही." प्रश्न नाही म्हणते.

दुपारी बायको ताटात तांदूळ निवडत होती. गोळ्या बंद होऊन दुसराच दिवस, पण जरा तरतरी आली होती. निवडता निवडता हात थांबला. मूठ वळली. मी टॅबकडे पाहिलं. लाल. एक रेघ नाही. समोर माझी बायको गुम झालेली, तेच पकडायला सगळा खटाटोप, आणि मशीन कोरी. मिनिटभरानं ती परत आली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी तसाच फोन लावला.

"बाई, आत्ता झटका आला."

"झटका? मशीन लावलेली असताना?"

"मशीन लावूनच होती. दोन दिवसांपासून लावून हाये."

"कुठे बसला, काका?"

"कुठं म्हणजे? डोक्यात."

ती घाबरली. "पेशंटला काय झालं?"

"हात गच्च वळला, डोळे एका जागी, बोलणं बंद. आन् हे तुमच्या मशीनमुळं झालं, लिहून घ्या," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं, लाईन तुटली ती तुमच्या मशीनमुळं. रागात माणूस मोजून बोलतो का?

तिनं लिहून घेतलं. म्हणाली, "मशीन लगेच बंद करा, तारांना हात लावू नका. उद्या सकाळी आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

मशीननं माझ्या बायकोला करंट मारला, अशी तक्रार माझ्या नावावर चढली. पोरगा धावत खाली आला, स्वतःच्या फोनवरून त्यांना तासभर समजावत बसला. ते म्हणे, नोंद झाली, मागे घेता येत नाही. करंटची तक्रार असलेल्या मशीनचं रेकॉर्डिंग धरत नाहीत, सगळं पुसून टाकतात.

"बाबा, झटका काहून म्हटलं तुमी? गुम झाली म्हणाले असते त भागलं असतं ना."

"डॉक्टरनं सांगतलं म्हणून म्हटलं. त्याचा शब्द होता. कंपनी डोक्याच्या झटक्याची मशीन विकते आन् तिलेच झटका समजत नाही, ते माह्यावर काहून?"

बायको पलंगावरून आमचं ऐकत होती. डोक्यावर टोपी, त्यातून तारा लोंबणाऱ्या.

"भल्ले पंडित झाले," ती म्हणाली. "आन् तो खिशातला फोन तिकडं ठेवा. माह्या मांडीले लागते, इस्त्रीसारखा तापून राहिला."

मी फोन काढला. खरंच तापला होता. पोरानं तो पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

"बाबा, राऊटर बंद कराले लावला न् तुमी. मंग मी तुमच्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं. तुमचं नेट तसंच पडून राहते म्हणून."

म्हणजे घरातलं वाय-फाय माझ्या खिशात. आणि ते खिशात घेऊन दोन दिवस मी तिच्या कमरेच्या डबीला चिकटून बसलेलो, राखण करत. पोराला मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. सून घरात होती म्हणून थांबलो. त्यानं हॉटस्पॉट बंद केलं, फोन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. ठिपका हिरवा झाला तो हिरवाच राहिला. बायको आडवी झाली, उठली, जेवली, कूस बदलली, एक रेघ तुटली नाही. पण गुम काही झाली नाही. मशीन मी बंद केली नाही. कंपनीनं सांगितलं म्हणून माझ्या घरात काही बंद होत नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि खुर्ची टाकून बसलो. तोच पन्नाशीचा माणूस गाडीवर आला.

"काकाजी, कुलूप उघडा. करंटची तक्रार हाये."

"करंट नाही लागला. झटका आला."

"तेच त लिहून हाये."

"तुमच्याइथं दोन्ही एकच हायेत काय गा?"

त्यानं हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं. "मले नेल्याशिवाय जाता नाही येत."

"मंग नको जाऊ."

ऊन वर चढलं. तो गाडीवर बसून राहिला, मी खुर्चीवर. सुनेनं फाटकातून त्याला पाणी दिलं, मग चहा दिला. तो कप परत देत असतानाच पोरानं आतून हाक मारली. मी आत गेलो. बायको टोपीखालची वेणी हातात धरून बसलेली, मूठ वळलेली, डोळे एका जागी. आणि टॅबवर रेघा पिसाटल्यासारख्या वरखाली होत होत्या, ठिपका हिरवागार. पोरगा तोंडावर हात ठेवून उभा होता.

ती भानावर आली तेव्हा मी कुलूप काढलं आणि त्या माणसाला आत आणून टॅब दाखवला. त्यानं बोटानं रेघा मागे सरकवून पाहिल्या. "उतरलं, काकाजी," म्हणाला. "पण ऑफिसात गेलं का पुसतीन. माह्या हातात नाही."

"मशीन तुमची हाये, आजच घेऊन जा. आतलं जे हाये ते माह्या बायकोचं."

त्यानं तारा सोडवल्या. टॅब आणि डबी मी माझ्या थैलीत घातली. तो गाडीवर बसला तसा मीही त्याच्या मागे बसलो, थैली मांडीवर घेतली आणि म्हणालो, "पहिले दवाखाना. मंग तुहं ऑफिस."