हात मागं बांधून

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या व्यासपीठावर बसलो होतो. गुणवंत, गरजू मुलांना फीची पाकिटं वाटणं चालू होतं. एक मुलगी पाकीट घेऊन देणगीदारांच्या पाया पडली, मग माझ्या... खिशात फोन थरथरत होता आणि मी तिला आशीर्वाद देत होतो. ज्या गोष्टीपासून मामांनी मला जपलं, तीच मी प्राचार्य होऊन दरवर्षी करत आलो. दीड महिना झाला, ही बोच जात नाही.

मामा बेंबळीचे. बहात्तरच्या दुष्काळात ते आणि माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. दिवसभर राबून संध्याकाळी हजेरी लागावी म्हणून मुकादमापुढं हात जोडायचे, ते त्यांना फार लागलं. "काम आमी केलं, अन् हात बी आमीच जोडायचे?" पुढं ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली. तेव्हापासून कुठल्याही साहेबापुढं मामा हात पाठीमागं बांधून उभे राहत. आवाज मात्र मऊ.

मला बारावीला चांगले मार्क पडले. वडील नव्हते. एका ट्रस्टनं शिष्यवृत्ती देऊ केली. सभेत स्टेजवर जाऊन शेठजींच्या पाया पडायचं, एवढीच अट. मामा नाही म्हणाले. मी भडकलो. "तुमच्या ताठ्यापायी माझं वर्ष जाईल!"

"जात न्हाय. मार्क बघून आपसूक फी माफ करणारं येखादं कालेज आसंलच की. हुडकू."

पत्रं टाकून उत्तर येईपर्यंत प्रवेश संपले असते. म्हणून मामांनी कामाला लावले ट्रक ड्रायव्हर. साखरेची पोती घेऊन गाड्या लातूरला, सोलापूरला, पार पुण्यापर्यंत जायच्या. काट्यावर गाडी आली की मामा ड्रायव्हरला बजावत, पोती उतरली की तिथल्या कॉलेजात जाऊन विचारायचं. पहिल्याच खेपेला शब्बीर ड्रायव्हर तणतणत परतला. "अवो मामा, त्ये पोरींचं कालेज निघालं! वॉचमननं काठी उगारली ना माझ्यावर!"

"मग पळालास?"

"पळतोय कशाला? इचारूनच आलो. फी माफ हाय म्हनं, पर तुमच्या भाच्याला, ह्या दिलीपला झंपर घालावा लागंल."

काटा हसून हसून दमला. मी तेवढा रुसून बसलो होतो. पण दहा-बारा दिवसांत शब्बीरभाईंनीच सोलापूरकडचं एक कॉलेज आणलं. मामा मला घेऊन गेले. खिडकीशी हात मागं बांधून उभे राहिले.

"अर्ज?"

"लागत नाही," आतला कारकून म्हणाला. "मार्कलिस्ट दाखवा. एवढ्या मार्कांना फी माफच आहे."

"कुनाची चिठ्ठी? कुनाला भेटायचं?"

"कुणालाच नाही हो."

मामा थोडे पुढं वाकले. "परत सांगा."

कारकुनानं परत सांगितलं. मामांनी ते ऐकलं, जसं कुणी गाणं ऐकतं. बाहेर आल्यावर मी ओशाळून त्यांचे आभार मानू लागलो, तर म्हणाले, "मार्क तुझं. माजं कशाला?"

काही वर्षांपूर्वी मामा माझ्या कॉलेजात आले, नेमके पाकिटांच्या कार्यक्रमाला. खुर्ची देऊनही बसले नाहीत. मागं, भिंतीशी, हात बांधून उभे होते. जेवायला थांबवलं तर म्हणाले, "येष्टी चुकंल." दुपारचा एक वाजला होता, एसट्या संध्याकाळपर्यंत होत्या... मला कळलं होतं.

आता तो कार्यक्रम बंद केला. एक देणगीदार रागावून निघून गेले, बाकीच्यांना मी पटवलं, की पैसे मार्क बघून थेट फीमाफीत जावेत. परवा प्रवेशाच्या खिडकीजवळून जात होतो. तेरखेड्याचे एक गृहस्थ मुलीची मार्कलिस्ट घेऊन उभे होते. "साहेब, माफीसाठी कुनाला भेटावं लागंल?"

"कुणालाच नाही," आतून आवाज आला.

ते गृहस्थ थोडे पुढं वाकले. "परत सांगा की."

मी तिथंच थांबलो. परत ऐकलं.