न दुखणारा पाय

मुखरू देव झाला तो १९८१च्या चैत्रात. मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात मातामायच्या पूजेला निखाऱ्यांवरून चालायची रीत आहे. बाकीचे पळत सुटायचे. मुखरू बाजाराला निघाल्यासारखा चालत गेला, आणि मध्येच वाकून त्याने बिडीही पेटवून घेतली. त्या दिवसापासून बाया त्याच्या पायावर पाणी घालू लागल्या आणि पोलीस पाटील वामनराव त्याला 'मुखरूभाऊ' म्हणू लागले. त्याआधी 'अबे' पुरत असे.

देवपण दोन वर्षे टिकले. मग तळव्याच्या जखमेला वास सुटला. तपासणीला आलेल्या सरकारी माणसाने त्याला तोंड फिरवायला लावून तळव्यात टाचणी टोचली आणि विचारले, "टोचलं?"

"काय?" मुखरू म्हणाला.

एवढ्यावर निकाल लागला. महारोग. पायाचे पाणी डोळ्यांना लावणाऱ्या गावाने दिवस बुडायच्या आत त्याला शिवेबाहेर काढले. सख्खा भाऊ लहानू याने त्याचे ताट काठीने ढकलून दिले. काठी चांगली लांब होती.

नदीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात मुखरू दोन वर्षे होता, आणि दोन्ही वर्षे चिडलेला. पाद्री म्हणाले, देव परीक्षा पाहतो. मुखरू म्हणाला, "मंग मले नापास करा ना साहेब, घरी जातो." पाद्रीसाहेबांनी विषय बदलला.

पट्टी बांधायला अंजनाबाई होती. ती रोज सकाळी त्याचा पाय मांडीवर घेऊन धुवायची, काटा-खडा शोधायची. "पाय सांगणार नाई, भाऊ. तूच पाह्यत जा," म्हणायची. एकदा टाचेतून खिळा निघाला. मुखरूला पत्ताच नव्हता. तो तिच्यावरच खेकसला, "काऊन धुते वो रोज? किळस नाई येत?"

"येते ना. आमच्या येशूनं बी धुतले होते, आपल्या लोकायचे पाय."

"त्याले दुसरं काम नोहतं?"

"नोहतं. दुसऱ्या दिवशी त्याले खिळे ठोकून मारणार होते. हातात अन् पायात."

मुखरू खिळ्याकडे पाहत बसला. "दुखलं असन त्याले?"

"लय. वरडला तो. देवालेच इचारलं, मले काऊन सोडलं म्हून."

मुखरूचा धर्म इथे बदलला; बाप्तिस्मा नंतर, सवडीने झाला. "गावानं मले देव केलं, काऊन? तं दुखत नाई म्हून. याले दुखलं. मले हाच पायजे," तो म्हणे. राग काही गेला नाही. प्रार्थनाही तो भांडल्यासारखीच करी.

१९८५च्या चैत्रात तो परतला होता. रोग थांबलेला, पायाची तीन बोटे गेलेली, शिवेबाहेर झोपडी. पूजेच्या दिवशी दुपारी गलका ऐकून तो आला. निखाऱ्यांवरून लहानूची मुलगी सीता चालत होती. सावकाश. बाया पाणी घेऊन धावल्या.

मुखरू गर्दीत घुसला. वाट पटकन मिळाली. त्याला शिवायची कोणाची तयारी नव्हती. त्याने सीतेला खाली बसवले, तोंड फिरवायला लावले आणि तळव्यात बाभळीचा काटा टोचला.

"टोचलं का पोरी?"

"काय, मोठेबाबा?"

"किरिस्ताव झाला अन् आता मायची पूजा बाटवून राह्यला!" वामनराव ओरडले.

"तुमची पूजा तुमी करा! पोरीचा पाय जाऊन राह्यला, दिसत नाई? माह्या वक्ती बी नाई दिसलं! डोळे कुठी ठेवता रे सारे?"

गोटे आले. एक नेमका त्याच्या पायाला लागला, म्हणजे फुकट गेला.

सकाळी झोपडीपुढे बैलबंडी उभी राहिली. बंडीत सीता. लहानूने काठी आणली नव्हती. "कुठी हाय तो दवाखाना? चालतं का संगं?"

मुखरू बंडीत चढला आणि पहिल्या नाल्यापर्यंत त्याने भावाला शिव्या दिल्या, एकही दुसऱ्यांदा न वापरता. नाल्यावर बंडी थांबवली, सीतेचा पाय मांडीवर घेतला आणि धुवू लागला.

"लहान्या, तिकडं काय पाह्यतं? इकडं ये," तो खेकसला. "कसा धुतात ते पाहून घे. उद्यापासून तूच धुशीन."