आतून न उघडणारं दार

स्टँडवर त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. टॅक्सीत माणूस बसला रे बसला की याची टकळी सुरू. खराब रस्ते, उकाडा, आपली नात पहिलीत गेली ते. बायको म्हणायची, तुमच्या गाडीत बसणाऱ्याला भाडं तुम्हीच द्यायला हवं.

पण पोलिसबाई टॅक्सी ऑफिसात येऊन माणसं पळवून नेणाऱ्यांबद्दल सांगून गेल्या, तेव्हापासून तो बोलता बोलता ऐकायलाही लागला होता. मुलीच्या वतीने दुसरंच कुणी बोलत असेल, तर शूरपणा करायचा नाही. ऑफिसला फोन करून 'गाडी तापलीय' एवढंच म्हणायचं, पुढचं आम्ही बघू, असं त्या म्हणाल्या होत्या.

त्या दुपारी एक बाई आणि सोळा-सतराची मुलगी बसली. त्याने मुलीला विचारलं, कॉलेजला का? बाई म्हणाली, कामाला, भाची आहे माझी. कसलं काम? त्यालाही बाईच उत्तर देऊ लागली. मुलीचा फोन वाजला, तो बाईच्या पर्समध्ये. रेडिओ गप्प झाला. खरंच मावशी असली तर? उगाच पराचा कावळा केला म्हणून स्टँडवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

सिग्नलला त्याने आरशात पाहिलं. बाई फोनवर बोलत होती आणि मुलगी हळूच दाराचा खटका ओढत होती. पुन्हा ओढला. दार उघडेना.

सकाळी नातीला शाळेत सोडताना त्या दाराचं लहान मुलांसाठीचं लॉक त्यानेच लावलं होतं, आणि काढायला विसरला होता. दार आता फक्त बाहेरून उघडणार होतं.

त्याने घसा खाकरून फोन लावला.

"गाडी तापलीय. पुलाखालच्या पेट्रोल पंपावर थांबतो."

पंपावर बॉनेट उघडून तो धड असलेल्या इंजिनाकडे बघत राहिला. बाई कुरकुरत होती. पोलिसांची गाडी आली, त्यातल्या पोलिसबाईंनी बाईला बाजूला घेतलं, तेव्हा त्याने धावत जाऊन मुलीचं दार उघडलं. ती सीटच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"उतर बाळा, घाबरू नकोस."

"दार तुम्हीच बंद केलं होतं ना?"

नातीचं सगळं सांगायचं होतं.

"हो," तो म्हणाला.

पोलिसबाईंचा हात धरून ती गेली. त्याच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून कळलं, ती त्या बाईची कुणीच नव्हती. स्टँडवर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नातीला सोडून आल्यावर तो मागच्या सीटवर जाऊन बसला, दार लावून घेतलं आणि आतून उघडून पाहिलं. आता रोज पाहतो.