रफूबाई आणि सव्वाशेची गोळी

आमची ही रफू करते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी तिचं टेबल आहे. सिगारेटने जळालेली बाही आणा, खिळ्याला अडकून फाटलेला खिसा आणा, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे उपसून ती भोक असं भरते की नंतर तिलाच बोट ठेवून दाखवावं लागतं. गिऱ्हाइकं तिला रफूबाई म्हणतात. मी मात्र कित्येक वर्षं तिला गोगलगाय म्हणत आलो, अर्थात पोटात पाय नसलेली. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, जिना चढताना मधल्या पायरीवर मुक्काम.

याला कारण होतं. तिच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीने कधीच अंग काढून घेतलं होतं. त्यासाठी रोज एक चिमुकली गोळी. सकाळचा चहा माझ्याकडे असतो, चांगला दुधाळ. त्याच्या पहिल्या घोटाबरोबर ही ती चिमुकली गोळी आणि हाडांसाठीची खडूसारखी कॅल्शियमची गोळी एकदमच गिळायची आणि म्हणायची, "सुटले." रक्ताचा रिपोर्ट दरवेळी नापास. डॉक्टर दरवेळी गोळी वाढवायचे. पन्नास मायक्रोग्रॅमची पंचाहत्तर झाली, मग शंभर, मग सव्वाशे. ही गोगलगाय होती तिथेच.

मग औषधांच्या दुकानात एक नवी फार्मासिस्ट आली. दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत घालताना तिने विचारलं, "काकू, या एकत्र नाही ना घेत?"

"एकत्रच घेते. कोण दोनदा पाणी पिणार?"

"अहो, मग ही थायरॉइडची पोटात जाते, पण रक्तात कुठे जाते? तिच्यात औषध असतं किती, तर सुईच्या टोकावर मावेल एवढं. कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतं आणि तशीच बाहेर काढतं. दुधाच्या चहाचंही तेच. ही रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा तासाभराने. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला."

शेवटचं वाक्य आम्ही दोघंही काउंटरवरच विसरून आलो. बाकीचं मात्र हिने मनावर घेतलं. आणि ही मनावर घेते म्हणजे दगडावरची रेघ. सकाळी तिची वेगळी पूजा असावी तशी गोळी, पाणी आणि घड्याळ. मी एकटा चहा पीत बसायचो, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा.

पहिल्यांदा सगळं छानच वाटलं. बाईसाहेब जिना न थांबता चढल्या. एका रविवारी सगळी कपाटं उपसून लावली. मी मुलीला फोनवर म्हटलं, "तुझी आई पुन्हा वीस वर्षांची झाली." पुढे ती कपाटं पुन्हा उपसली गेली. मग पुन्हा. पंखा फुल असताना हिच्या मानेवरून घाम निथळायचा, छातीत धडधडायचं. दाराची बेल वाजली की दचकायची आणि बेल वाजवणाऱ्यावर खेकसायची. ब्लाउज सैल व्हायला लागले. जेवता जेवता उठून खिडकी लावायची, बसायची, उठून उघडायची. तिच्यापायी माझाही पाय घरात ठरेना. मुलगी फोनवर मलाच दटावायची, "बाबा, काय बोललात तुम्ही आईला?"

एका दुपारी मी तिचा विसरलेला डबा घेऊन दुकानात गेलो. ही खिडकीशी सुई धरून बसली होती. धागा सुईच्या नेढ्याच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, खाली घसरला. हिचा हात थरथरत होता. मी बघतोय हे तिला कळलं.

"बघताय काय? ठेवा डबा आणि जा."

संध्याकाळी ती स्वतःच बोलली. "आईसारखं झालंय मला."

माझ्या सासूबाईंना कंपवात होता. शेवटी शेवटी कपही धरवेना, आणि त्यांना भरवायला हीच असायची. मी म्हटलं, डॉक्टरांकडे चल. तर म्हणे, "त्या आजाराचं नाव माझ्यासमोर कोणी घेतलेलं मला नकोय." दोन दिवसांनी कात्री, सुया, भिंग सगळं पिशवीत भरून घरी आणलं. मालकांना सांगून आली की दुसरं माणूस बघा. पिशवी टेबलावर ठेवली आणि रडली. हे हात गेले तर माझ्याकडे राहतं काय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. "चालत येतेस की उचलून नेऊ?" मी म्हटलं. ती चालत आली, आणि माझ्या चार पावलं पुढे.

डॉक्टरांनी नाडी धरली, हात समोर पसरायला लावले, त्यावर एक कागद ठेवला. कागद फडफडला. ते म्हणाले, "औषधात काही बदल?"

"काही नाही. गोळी तीच, सव्वाशेची," ही म्हणाली.

"गोळी तीच, पण चहा गेला," मी म्हणालो. खरं तर मला तक्रार करायची होती. "दोन महिने मी एकटा चहा पितोय. हिची गोळी पाण्याशी, कॅल्शियम रात्री. माझं स्वयंपाकघर नाही, दवाखाना झालाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी चहाबरोबर घ्यायच्या? कॅल्शियमसकट? मला कधी बोलला नाहीत." मग स्वतःशीच म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही."

मी जन्मभर पाण्याच्या पंपावर नोकरी केली, मला लगेच उमगलं. व्हॉल्व्ह अर्धा बंद, म्हणून हे मागून दाब वाढवत गेले. आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि दाब तसाच. रक्त तपासलं, तेच निघालं, औषध गरजेपेक्षा जास्त. गोळी कमी झाली.

"हात थांबेल?" हिने विचारलं.

"थांबायला हवा. पण साठलेलं उतरायला काही आठवडे लागतात. नाहीच थांबला, तर दुसरं बघू."

त्या 'दुसरं'ने आमची झोप घेतली. ही हात मांडीखाली दाबून बसायची. मी बघत नाही असं दाखवून बघायचो, आणि तिला ते कळायचं. मग एका सकाळी ती पेपर वाचत होती आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पेपरची सळसळ थांबली होती. दृष्ट लागेल या भीतीने मी चहाच गाळत राहिलो. तिने पान उलटलं. मग आपल्या बोटांकडे कितीतरी वेळ बघत बसली.

दुकानात परत गेली ती टेबलाशी बसलीच नाही. मालकांना म्हणाली, "मधल्या काळात मी रफू केलेले कपडे परत मागवा."

"अहो बाई, एकाचीही तक्रार नाही."

"त्यांना दिसलं नसेल. मला माहीत आहे."

मालकांनी हात जोडले. म्हणाले, दुकानाचं नाव जाईल. मग हिने पत्ते घेतले आणि पिशवी माझ्या खांद्याला लावली. पहिलंच घर तिसऱ्या मजल्यावर. दारासमोर ती थांबली. कपाळावर घाम होता. मी घाबरून मनगट धरलं.

"पुन्हा धडधडतंय?"

"मग? आपणहून सांगायचंय, माझं काम वाईट झालंय म्हणून. गोळीला कशाला बोल लावता?"

तिने मनगट सोडवून घेतलं आणि बेल दाबली. दार उघडणारे गृहस्थ बाहेरच निघाले होते, अंगात हिने त्या दिवसांत रफू केलेलाच कोट. त्यांनी ओळखून तोंडभर हसत नमस्कार केला आणि बायकोला हाक मारली, "अगं, त्या रफूबाई आल्यात, ज्यांचं काम शोधूनही सापडत नाही!"

ही म्हणाली, "सापडतं. उतरवा तो."