उलट्या हाताचा व्हॉल्व्ह

समजा, तुम्ही धरणाच्या पोटातल्या बोगद्यात उभे आहात. पायाखाली ओल, भिंतींवर झिरपलेल्या चुन्याचे पांढरे ओघळ, समोर बसच्या स्टिअरिंगपेक्षा मोठं लोखंडी चाक. वर्षातून एकदा ते फिरवून तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा, पुन्हा बंद करायचा. कुठल्या बाजूला फिरवाल? डावीकडेच ना. वेल्समधल्या या दरीत मात्र तो पहिल्यापासून उजवीकडे उघडायचा. बांधणाऱ्यांनीच तसा बसवला होता. खालच्या गावात धरणाच्या राखणदारांना 'उलट्या हाताचे' म्हणत.

इदवल त्यांतला शेवटचा. निवृत्तीला टेकलेला, गुडघ्यांनी कधीच निवृत्त झालेला. सोबत गावच्या पाणीपुरवठ्यातला त्याचा जुना दोस्त गेथिन होता. व्हॉल्व्ह चालला नाही, तर तपासणीवाले एवढ्या जुन्या काँक्रीटवर पूर्ण भार ठेवू देणार नव्हते. पाण्याची पातळी खाली आणावी लागली असती आणि उन्हाळ्यात गावाला टँकर.

इदवलने खांदा लावला. चाक हलेना. त्याने आऱ्यांत लोखंडी पाइप अडकवला आणि होतं नव्हतं ते वजन टाकलं. आत काहीतरी करकरलं.

"अरे, फिरवतोयस की गळा दाबतोयस त्याचा?" गेथिन म्हणाला.

"तोंड चालवतोयस तसा हात चालव."

"चालवतो की. पण बाबा रे, वसंतात या चाकाला नवा गिअरबॉक्स बसवला ना तुझ्याकडे?"

इदवलचे हात चाकावरच राहिले. नवा गिअरबॉक्स जगासारखा डावीकडे उघडत होता. तो बसवणाऱ्यांना चहा त्यानेच पाजला होता. त्याच्या हातांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बंद व्हॉल्व्ह तो सकाळपासून आणखी आवळत बसला होता.

डावीकडे फिरवल्यावर चाक कुरकुरत सुटलं. खाली नदीत आधी तपकिरी, मग स्वच्छ पाणी कोसळलं. गेथिनने टोपी काढून घाम पुसला. मग दोघांनी मिळून चाक उजवीकडे आणलं, पार टोकापर्यंत.

बाहेर येऊन बघतात तर पाइपाच्या तोंडातून मनगटाएवढी धार चालूच.

"आतली झडप झिजली असेल," गेथिन म्हणाला. "आपल्याएवढीच म्हातारी आहे ती. तसंच कळवून टाक."

"आणि मी तिला रेटलं, ते?"

"ते कशाला सांगायचं?"

इदवल कठड्यावर बसला. आपण रेटल्याचं सांगायला त्याची ना नव्हती. आज संध्याकाळी तो फोन करणारच होता. पाणबुडे येतील, झडप वर काढतील, तोवर तलाव थोडाथोडा रिकामा होत राहील. हात भरून आले होते, ते त्याने मांडीवर ठेवले.

"गेथिन, झीज जुनी की आजची, हे झडप बघून कळतं का रे कुणाला?"