फुकट वाटलेल्या फ्लॉपीची तारीख

गॅसवर चहा उकळत होता, काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या आणि आक्का खिडकीशी बसून कॉम्प्युटरवर आपल्या वकील लेकाला पत्र लिहीत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. टपालवाल्याने सही घेतली आणि जाडजूड लिफाफा काकूंच्या हातात ठेवला. वर नाव पानेकाकांचं.

पानेकाका मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. खिशात कायम एक चिमुकला पाना, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलेलं. टाइपरायटर गेले तसे काका कॉम्प्युटरकडे वळले. आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे. त्यातच थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हात कापू लागले. एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटत. मग काकांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. हात किती कापतोय ते ओळखून तो तेवढाच थांबे आणि चुकून पडलेले ठोके सोडून देई. आक्कांना जमलं, तसा काकांनी तो इतरांनाही फ्लॉपीवर दिला, आतल्या सगळ्या ओळींसकट. ज्याला हवा त्याने वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. आता तो इंटरनेटवरून कुठे कुठे पोचला होता.

अडकलेलं मशीन तपासावं तसं काकांनी भिंग लावून पत्र तीनदा वाचलं. कुठल्याशा कंपनीचं होतं. हाताच्या कंपाप्रमाणे थांबण्याची ही रीत त्यांच्या पेटंटमधली म्हणे. महिन्याभरात वाटप थांबवा, नाहीतर दर प्रतीमागे परवाना घ्या.

"त्यांचं काही उचललंत का?" काकूंनी सरळच विचारलं.

"त्यांची एक ओळ पाहिलेली नाही गं. गंमत तीच तर आहे! मी गोष्ट लिहिली तर शब्द माझे. पण 'शेवटी सासू सुधारते' ही कल्पनाच कुणी नावावर करून ठेवली तर?"

"तर निम्म्या लेखिका घरी बसतील. आणि सासवांना न सुधारायला आयतंच निमित्त!"

आक्का हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "अरे, मग परवाना घेऊन टाक की."

"प्रतीमागे मागतायत, आक्का. प्रती किती झाल्या मला काय ठाऊक? मोजायच्या म्हटलं तर वाटणंच संपलं."

"मग माझं काय?"

"तुझा चालत राहील. पण उद्या दुसरं कुणी दारात आलं, तर त्याला देता येणार नाही."

काकांनी पत्र पुन्हा उचललं. मग काकांचं भिंग एका ओळीवर थांबलं. "अगं, यांचा अर्ज सोळा वर्षांपूर्वीचा! आपली पहिली फ्लॉपी त्याच्याही चार वर्षं आधीची."

लगोलग आक्कांच्या लेकाला, वकील भाच्याला, फोन लागला. "मामा, अर्जाआधीच हे लोकांच्या हातात होतं असं दाखवता आलं, तर पेटंट टिकणं अवघड. पण पुरावा हवा. कुणाकुणाला दिलंत, यादी आहे?"

काकांनी डोकं खाजवलं. "विकलं असतं तर पावतीपुस्तक असतं रे. फुकट दिल्याची नोंद कोण ठेवतं?"

कपाटं उपसली, माळा झाला. जुन्या फ्लॉप्या कधीच कुणाकुणाला देऊन झालेल्या. काकू मात्र हातातल्या घडीशी थबकल्या.

"अहो, टाइपरायटर दुरुस्त केला की तुम्ही त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचात ना? तारीख आणि दुखणं लिहून? फ्लॉप्यांनाही तसंच करायचात. मी म्हणत होते, याला काय चाक आहे निखळायला! आणि दोरा मलाच ओवायला लावायचात."

काका खुर्चीतून उठलेच. "बांधायचो! तारीख, आणि खाली हात कितपत कापतो ते."

"पण चिठ्ठ्या गेल्या लोकांच्या घरी," आक्का म्हणाल्या.

"मग लोकांनाच विचारू की, वन्सं."

आक्कांनी लेकाचं पत्र अर्धंच ठेवलं आणि प्रोग्रामचं इंटरनेटवरचं पान उघडलं. काका सांगत गेले, त्या एकेक अक्षर दाबत गेल्या. बोटं थरथरत होती, पण पडद्यावर प्रत्येक अक्षर एकदाच उमटत होतं:

"वीस वर्षांपूर्वी माझ्याकडून फ्लॉपी नेली असेल, तर ती टाकू नका. पाठवूही नका. तिला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवरची तारीख वाचता येईल, असा एक फोटो तेवढा पाठवा."